खळ्यातली गाडी, निळी जोत

१३ सप्टेंबर १९८७, रविवार

आत्माराम, गणपतीला आलास आणि जाताना ही डायरी माझ्या हातात ठेवून गेलास. "आये, रोजचं काय ते लिहीत जा," म्हणालास. बाळा, तुझ्या आईला अक्षर येत नाही, हे तू चव्वेचाळीस वर्षांत विसरलास. डायरी जानेवारीत सुरू होते आणि तू ती भाद्रपदात दिलीस, हेही विसरलास. छत्री तर खुंटीलाच विसरलास. शेवटी ही डायरी तुलाच वाचायची आहे, म्हणून हे पहिल्या पानावर घातलं. तुझ्या डोक्यात राहणार नाही, कागदावर राहील.

लिहितायत शेजारचे राजाराम गुरुजी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना ओरडायला कुणी मिळत नव्हतं. आता मी बोलते आणि ते म्हणतात, "वाक्य पुरं करा, येसूवयनी." माझं बोलणं ते धुऊन, घडी घालून लिहितात. मध्येच चुरगळलेलं दिसलं तर ते माझं समज.

बातमी अशी, की तुझ्या बहिणीने गाडी आणली आहे. मालन लांज्याच्या अलीकडे ट्रस्टच्या दवाखान्यात नर्स आहे, एवढं तरी तुला आठवत असेल. एक गोरं जोडपं गोव्याहून आपल्या मुलखाला परतताना ही गाडी दवाखान्याला देऊन गेलं. गाडीत बिछाना, मोरी, शेगडी. काय एकेक लोक! घर सोडून फिरायला निघतात आणि घर बरोबर घेऊन जातात. आणि त्यात एक पांढरं बुटकं कपाट आहे. गॅसवर चालणारा फ्रीज. खाली आग लावायची, वर बर्फ होतो म्हणे. मी मालनला म्हटलं, "माले, मी म्हातारी झालेय, खुळी नाय."

१५ सप्टेंबर

एका कपाटाचं एवढं काय, असं तू विचारशील. मग गेल्या वर्षीचं पुन्हा सांगते.

वर डोंगराच्या माथ्यावर, सड्यावर, कातळवाडी आहे. विजेचा खांब नाही, रस्ता नाही. चिऱ्यांच्या खाणीवर ट्रक जातात ती वाट, बस. गेल्या आश्विनात मालन गोवराची लस घेऊन चालत वर गेली. खांद्याला पेटी, पेटीत बर्फ, बर्फात लस. पऱ्ह्याला पूर येऊन त्यावरचा साकव वाहून गेला होता, म्हणून तिला लांबचा वळसा पडला. पोचली तेव्हा पेटीत नुसतं पाणी. एकतीस पोरं ओळीत बसलेली. हिने सांगितलं, लस बिघडली, आणि सगळ्यांसमोर ती जमिनीवर ओतली. खालच्या लोकांनी मागाहून विचारलं, टोचून मोकळी का नाही झालीस, कुणाला कळलं असतं? ती म्हणाली, "माका कळला असता ना."

पुन्हा लस मिळायच्या आधीच फाल्गुनात गोवर आला. कातळवाडीची दोन पोरं गेली. त्यातली एक तुळसाची थोरली. तेव्हापासून मालन वर गेली की तुळसा दार लावून घेते. इकडे तुझी बहीण कातळवाडीचं नाव काढत नाही, पण सकाळी वेणी घालते ती त्या डोंगराकडे तोंड करून.

तर हे कपाट त्यासाठी. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी ट्रस्टवाल्यांकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली आहे. गार राहिलं तर गाडी वाड्यावाड्यांना फिरेल. नाही राहिलं तर विकून टाकतील.

१७ सप्टेंबर

आज पेटवलं. गाडीचा चालक बाबू. पन्नाशीचा माणूस, मिशी भारी, धीर बेताचा. त्याने रत्नागिरीला जाऊन आपली इथली गॅसची टाकी गाडीला बसवून आणली. मालनच्या हातात डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद. आधी दार उघडं टाकायचं आणि खाली वाकून वास घ्यायचा. मग टाकीची चावी. मग कपाटाच्या तळाशी गुंडी दाबून धरायची आणि शेजारचं ठिणगीचं बटण मारायचं.

ठिणगीचं बटण मेलेलं. बाबूने काडी ओढून आत घातली. काडी पोचली नाही, बोट पोचलं.

"आयाय!"

"ओरडतोस काय, मेल्या, हातभर भोकात दोन बोटांची काडी पोचंल कशी?" मी म्हटलं.

मी खराट्यातला एक हीर उपसला, टोकाला कापसाची वात गुंडाळली, तेलात बुडवली, पेटवली. आधी वात आत, मग गुंडी दाबली. फप् झालं आणि जोत आली. गुरुजी, जोत लिहा, ज्वाला नको. इवलीशी, कपाटाच्या तळाला बसवलेल्या भिंगातून बघायची, आणि निळी! कृष्णाच्या अंगाचा रंग. चुलीत मी असला रंग कधी पाहिला नाही.

गुंडी लगेच सोडली तर विझते. धातूची एक काडी तापेपर्यंत धरून ठेवायची, वीस आकडे. मालन घड्याळ बघून मोजते, बाबू भीतीने मोजतो, म्हणजे पाचातच वीस होतात. मी भात मापताना एकाला लाभ म्हणून मोजतात तसं मोजलं. लाभ, दोन, तीन… प्रत्येक आकड्याला एक पायली ओतल्यासारखं. विसाव्या पायलीला हात काढला. जोत राहिली. आता ती पेटवणं माझ्याकडे लागलं आहे.

१९ सप्टेंबर

दोन दिवस जोत जळते आहे, कपाट कोमटच. आत पाण्याची वाटी ठेवली होती, ती मांजराला पाजण्याइतपतही गार नाही. मालन जेवली नाही. "आये, जळतंय ना गो नीट?" असं तीनदा विचारलं. जळतंय, अगदी निळं.

गोऱ्यांचं एक पुस्तक गाडीत आहे, जर्मन भाषेत. गुरुजींनी चष्मा पुसून ते पुढून मागे आणि मागून पुढे बघितलं. एका पानावर गाडीचं चित्र. गाडी तिरकी उभी, तिच्यावर मोठी फुली. गुरुजी म्हणाले, "गाडी घाटात कशी चढवावी त्याची ही आकृती दिसते." आम्ही मान डोलावली. शिकलेला माणूस सांगतोय.

२१ सप्टेंबर

वाटी आज पुन्हा काढली. पाणी एका अंगाला काठोकाठ, दुसऱ्या अंगाला बोटभर खाली. मी मालनला हाक मारली. "अगो, कुणग्यात पाणी असा तिरका राह्यला, तर एका अंगाचा भात सुकंल का नाय? ह्या कपाटाच्या पोटात पण काय तरी फिरत असंल. त्याला सपाटी नको?"

आपलं अंगण उताराचं. सपाट म्हणावं असं एकच ठिकाण, झोडणीचं खळं. तेही पावसाने उखळलेलं. आम्ही दोघींनी चोपणं घेऊन दिवसभर चोपलं, शेणाने सारवलं, मधोमध परातीत पाणी ठेवून पाहिलं. पाणी चारी काठांना सारखं टेकलं तेव्हा बाबूला म्हटलं, आण गाडी. तो म्हणाला, "वयनी, हळवं भात कापायला आलंय, झोडणार खय?" भात थांबेल. पोरं थांबत नाहीत.

गुरुजी हे लिहिता लिहिता पुस्तकातलं ते फुलीचं पान पुन्हा बघतायत. म्हणतात, "मी हेच म्हणत होतो." लिहा गुरुजी, तुम्ही हेच म्हणत होता.

२३ सप्टेंबर

आत्माराम, बर्फ! वाटीतलं पाणी दगड झालं होतं. उपडी केली तरी पडेना. मी जिभेला लावला. जीभ चिकटली, मालन हसली. गेल्या आश्विनानंतर ती अशी हसलेली मी ऐकली नव्हती.

साठ वर्षं मी आग राखली. आगीने भात दिला, भाकरी दिली, डोळ्यांना पाणी दिलं. गारवा कधी दिला नाही. तीच आग कपाटाच्या खाली बोटाएवढी जळते आणि वर थंडी तयार होते. आवाज नाही, घरघर नाही, धूर नाही. ज्या माणसाच्या डोक्यातून हे निघालं त्याच्या आईला माझा नमस्कार सांगा. बाबू म्हणतो, तो माणूस कधीच मेला असेल. मग आईला वर पोचता करा.

मालनने आत एक काचेची नळी टांगली आहे, तांबडी रेघ खालीवर होते ती. मला आकडे येत नाहीत म्हणून तिने नळीला दोन दोरे बांधले. रेघ दोन दोऱ्यांच्या मध्ये राहिली की लस चांगली. वर गेली की संपलं. मी तासातासाला बघते. अक्षर न येणाऱ्या बाईला वाचायला काही तरी मिळालं.

नव्याची पुनव

आज नव्या भाताचं नवं बांधलं. दाराला, तुळशीला, विहिरीला, नांगराला. भाताची लोंबी, आंब्याचं पान, कुरडू, झेंडू. गाडीला कसं विसरेन? ती जोत आता आपल्या घरची दुसरी चूल. उद्या कातळवाडीला जायचं म्हणून काल दवाखान्यातून लस आणून आत ठेवली आहे. त्याहून अधिक शुभ वेळ कोणती?

गोऱ्यांनी गाडीला एकही खुंटी ठेवली नाही. पण कपाटाच्या मागे, गाडीच्या बाहेरच्या अंगाला, खाली एक आणि वर एक अशा दोन जाळ्या आहेत. चांगल्या बारीक, देठ खोचायला मुद्दाम केल्यासारख्या. मी पदराएवढी जागा भरगच्च सजवली. दोन्ही जाळ्या दिसेनाशा झाल्या. गुरुजी म्हणाले, देखणं झालं आहे.

दुसरा दिवस

सांगवत नाही. काल दुपारनंतर जोत पिवळी झाली. मग काजळी धरली. दिवे लागायच्या आत विझली. मी हीर घेऊन चारदा पेटवली, चारदा लाभपासून विसापर्यंत मोजलं, चारदा गेली. तांबडी रेघ वरच्या दोऱ्याच्या वर चढली. बाबू गाडीपाशी बसून विडी ओढतो, त्या विडीचा दोष, मी त्याला तोंडावर सांगितलं. शिवाय दृष्ट. एवढं सजवल्यावर लागणारच. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

सकाळी मालनने लस मोजून बाजूला काढली आणि परत दिली. कातळवाडीला निरोप गेला, आज येत नाही. निरोप्या परत आला तो म्हणाला, तुळसा हसली. नुसती हसली.

मग मालन गाडीभोवती फिरली. जाळ्यांपाशी थांबली. आणि कोमेजलेलं नवं एकेक देठ करून काढायला लागली.

"अगो, नवा वरीसभर काढू नये!"

"आये, इथं वाफेनं करपतोय तो. पुढच्या काचेवर बांधूया. देवाक पण समोरसून दिसंल."

मला पटलं. पोरीला देवाधर्माचं कळतं.

डॉक्टरीणबाई दुपारी जीप घेऊन आल्या. कुणामुळे झालं, विचारलं. मी बाबूकडे बोट करणार, तेवढ्यात मालन म्हणाली, "चूक माझी, बाई. माझं लक्ष नव्हतं." बाबू तिच्याकडे बघत राहिला. मला राग आला. हिचं लक्ष नव्हतं? हिचं लक्ष नसतं तर कुणाचं असतं? बाई म्हणाल्या, आणखी एकदा. त्यानंतर मला ट्रस्टला काही सांगता येणार नाही.

गुरुजी लिहिता लिहिता थांबलेत. शाई संपली म्हणतात. मला दौत दिसते आहे, अर्धी भरलेली.

१० ऑक्टोबर

जोत निळी. तीन दिवस एकदाही विझली नाही. माझ्या मीठ-मोहऱ्यांचा गुण. बाबूशी मी बोलत नाही, तोही बिचारा काही बोलत नाही. मालन येता-जाता जाळ्यांवर हात फिरवून बघते, बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा.

मंगळवारी पुन्हा कातळवाडी. मी सांगून टाकलं, "मी येणार. तू टोचशील, बाबू गाडी हाकंल, आग कोण राखंल?"

१३ ऑक्टोबर, मंगळवार

गुरुजी, आज जास्त कागद लागेल.

गाडी हलताना जोत विझवून ठेवायची असते. दार उघडलं नाही तर गारवा दोन-तीन तास टिकतो. चिऱ्यांच्या ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून बाबूने गाडी अशी नेली, की मांडीवर निजलेलं मूल जागं होऊ नये. तीनदा उतरून दगड हलवले. अर्ध्या वाटेवर मी त्याच्याशी बोलायला लागले. इतकं चांगलं चालवणाऱ्या माणसावर रुसून राहणं मला जमेना.

सड्यावर वारा हा असा! बाबूने जाळीची बाजू वाऱ्याच्या आडोशाला लावली. गाडीत परात ठेवली. पाणी डावीकडे कललं. चिऱ्यांना तिथे तोटा नाही. चाकाखाली एक चिरा, मग अर्धा, मग एक कपची, आणि पाणी चारी काठांना टेकलं. मी हीर पेटवला. वाडीतल्या बाया भोवती गोळा झाल्या आणि माझ्याबरोबर मोजायला लागल्या. लाभ, दोन, तीन. वीस म्हणताना तर आरतीसारखा आवाज झाला. तांबडी रेघ दोन दोऱ्यांच्या बरोबर मध्ये.

मालनने एका घराच्या पडवीत टेबल मांडलं. एकही बाई पुढे येईना. सगळ्या तुळसाकडे बघत होत्या. तुळसा लांब फणसाखाली उभी, कडेवर नऊ-दहा महिन्यांची मुलगी. गेल्या वर्षी ही पोटात होती.

तेवढ्यात मैना म्हातारी पुढे आली. माझ्याच वयाची, हातात कुरडूची फुलं. लांबून आलेल्या गाडीला मान द्यायचा म्हणून ती सरळ गेली त्या जाळ्यांकडे आणि देठ खोचायला लागली.

"थंय नको!" मालन सुई टाकून धावली. "आजी, थंय नको, काचेवर, पुढच्या काचेवर!" आणि आत्माराम, हे म्हणताना तिने मैनाकडे बघितलं नाही. चोरून माझ्याकडे बघितलं. मला कळलं की काय, ते बघितलं.

मला कळलं.

इतके दिवस बाबूवर विडीवरून रुसले. दृष्ट काढली. आणि जोतीचा जीव मीच कोंडला होता, दोन्ही हातांनी, फुलं घालून. पोरीने काढताना एक शब्द उच्चारला नाही आणि डॉक्टरीणबाईंसमोर सगळं आपल्या अंगावर घेतलं. गाडी गेली असती तर तोच बोल तिला जन्मभर लागला असता. तरी बोलली नाही. गुरुजी, तुम्हालाही माहीत होतं. तुमची शाई त्या दिवशी बरी संपली.

मी मैनाचा हात धरला. म्हटलं, "मैने, ही जाळी म्हंजे ह्या आगीचा नाक. नाक दाबून ती जगंल कशी? फुलं हिकडं दे." आणि आम्ही दोघींनी ती काचेवर बांधली. मालन ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिने मला कळू दिलं नाही, मीही तिला कळू देणार नाही की मला कळलं. हे पान तिला वाचून दाखवायचं नाही, गुरुजी.

मग तुळसा आली. गाडीच्या दारात उभी राहिली.

"गेल्या वर्सी पाणी दाखवलंस," ती मालनला म्हणाली.

मालन बाजूला झाली. मी तुळसाला खाली बसवून भिंगातून जोत दाखवली. मग कपाटाचं दार उघडलं. तुळसाने बर्फाला तळहात लावला.

"आगीवर?"

"आगीवर."

"किती येळ ऱ्हाईल?"

"ही म्हातारी जागी आहे तोवर," मालन म्हणाली.

तुळसाने हात काढला नाही. मी मनात मोजत होते. विसाच्या पुढे गेली, तिसाच्या पुढे गेली. बोटं पांढरी पडली असतील. मला दार लावून घ्यायचं होतं, गारवा जात होता, पण मी हात पदरात धरून ठेवले. मग तिने स्वतःच दार लावलं, पडवीत गेली आणि मुलीचा दंड उघडा करून मालनसमोर धरला. सुई गेली तशी पोर किंचाळली. तुळसाने आपला तो गारठलेला तळहात सुईच्या जागेवर ठेवला. पोर गप्प झाली.

त्यानंतर ओळ लागली.

मालन प्रत्येक पोराला नावाने हाक मारत होती. सगळी नावं तिला पाठ. वर गेली की तोंडावर दार लागायचं, आणि नावं पाठ! मी तुम्हा भावंडांना वाढवलं, आत्माराम, पण ही अशी कधी झाली ते मला सांगता येणार नाही. घरी परतताना ती गाडीत बिछान्यावर झोपली. मी तिच्या पायांवर माझं लुगड्याचं धडपं टाकलं आणि परात मांडीवर घेऊन बसले.

१५ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई काल येऊन नळी बघून गेल्या. गाडी राहिली. आता महिन्याला एक फेरी, सहा वाड्या. पुढची पोलिओच्या थेंबांची आणि राहिलेल्यांच्या सुयांची, दिवाळीनंतर. खळं गाडीकडेच राहणार, भात मी गुरुजींच्या खळ्यात झोडणार आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही. आता लिहिताना कळलं.

बाबूला घावण आणि नारळाचा रस करून घातला. का, ते त्याने विचारलं नाही. नऊ घावण खाल्ले.

आता काम ऐक. त्या दिवशी रडणाऱ्या पोरांच्या तोंडात मी गुळाचे खडे घालत होते. गूळ संपला आणि सहा पोरं चिऱ्यांच्या खाणीत जाऊन लपली, ती काही हाताला लागली नाहीत. म्हणून दिवाळीला पेढे पाठवू नकोस, बर्फी नको, तो मऊ हलवाही नको, माझ्या दातांची काळजी करू नकोस. लिमलेटच्या गोळ्यांचा मोठा पत्र्याचा डबा पाठव. नारिंगीच हव्यात, लांबून रंग दिसला पाहिजे. तेवीस पोरांनी सुई घेतली, सहा राहिली आहेत, आणि एक बाबू. सुई दिसली की तोही डोळे मिटतो. तेवढ्यांना पुरतील अशा बघून पाठव.